कृषी प्रदर्शनाच्या रिंगणात गाय उतरवताना: तयारीचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मोठ्या वार्षिक कृषी प्रदर्शनात यंत्रांचे मंडप आणि बियाण्यांची दालने कितीही असली, तरी सर्वांत दाट गर्दी जनावरांच्या रिंगणाभोवती होते, आणि त्याच रिंगणात दरवर्षी कितीतरी चांगल्या गाई आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. गोठ्यात शांत उभी राहणारी गाय तिथे मालकाला फरपटत नेते, भरल्या अंगाची कालवड पोट खपाटीला गेलेली दिसते, सरळ चालणारी गाय लंगडते. यात गाईचा दोष क्वचितच असतो. बहुतेक जण तयारीला शेवटच्या आठवड्यात सुरुवात करतात आणि तीही साबण-ब्रशने करतात. वास्तविक अंग धुणे हे सर्वांत शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे.

पुढील क्रम दुभती गाय किंवा कालवड गृहीत धरून दिला आहे. सगळ्या टप्प्यांमागे एकच कसोटी आहे: प्रदर्शनाच्या दिवशी गाईच्या वाट्याला कोणतीही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा येता कामा नये. मोरकी (दोर लावण्यासाठी गाईच्या तोंडावर चढवायचा पट्टा), गाडी, आवाज, पाणी, अनोळखी हात हे सारे तिला आधीच जुने झालेले असले पाहिजे.

१. नियमपत्रक वाचणे (तीन महिने आधी)

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी नियमपत्रक सबंध वाचावे आणि त्यातील तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. वयोगट कोणत्या तारखेला धरून मोजले जाणार आहेत, कोणत्या लसी व चाचण्या किती दिवस आधी झालेल्या असाव्या लागतात, आणि आरोग्य दाखला किती दिवसांपर्यंत ग्राह्य धरला जातो, या त्या तीन गोष्टी होत.

वयोगटाची चूक सर्वाधिक होते. वय प्रदर्शनाच्या दिवशी किती भरते ते न पाहता नियमपत्रकात दिलेल्या तारखेला किती भरते ते पाहायचे असते. दाखल्यावर लिहिलेले वय आणि दात यांचा मेळही बसावा लागतो. कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास येते आणि चारही जोड्या पूर्ण व्हायला चार ते पाच वर्षे लागतात. त्यामुळे चार दाती कालवड दीड वर्षाची म्हणून नोंदवली, तर प्रवेशद्वारावरच्या तपासणीत ती बाहेर निघण्याची शक्यता मोठी असते.

तपासून पाहा: अर्जातील, आरोग्य दाखल्यावरील आणि कानातल्या बिल्ल्यावरील क्रमांक एकच आहे का? एक अंक चुकला तरी गाडी परत फिरते.

२. गाय निवडणे

घरची सर्वाधिक दुधाची गाय ही रिंगणातली सर्वोत्तम गाय असेलच असे नाही. परीक्षक त्या दिवशी धार मोजत नाही, तो ठेवण पाहतो. अमेरिकेत दुभत्या गाईंच्या परीक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सामाईक गुणपत्रिकेत १०० पैकी ४० गुण कासेला, २५ दुधाळ ठेवण व ताकदीला, २० मागचे पाय व खुरांना आणि १५ बांध्याला आहेत. प्रत्येक प्रदर्शनाची आणि प्रत्येक जातीची पट्टी वेगळी असते, जातिवंतपणाच्या लक्षणांना काही ठिकाणी याहून अधिक वजन असते, तरी कास आणि पाय मिळून निम्म्याहून जास्त गुण घेतात हे ध्यानात ठेवावे. वाकड्या पायाची गाय कितीही चकचकीत धुतली तरी पाय वाकडेच दिसतात.

निवड करताना गाईला सपाट, कठीण जमिनीवर कोणाला तरी चालवायला सांगावे आणि आपण प्रथम बाजूने, मग मागून पाहावे. दावणीला उभ्या असलेल्या गाईवरून निवड करू नये, कारण दावणीत पाय दिसत नाहीत. अंगलट बेताची असावी. बरगड्या मोजता येतील इतकी रोड गाय नको आणि शेपटीच्या बुडाशी चरबीचे गोळे आलेली गायही नको.

यानंतर दिनदर्शिका घेऊन बसावे, कारण दोन हिशेब याच वेळी करावे लागतात. पहिला गाभणपणाचा. गाईचा गर्भकाळ साधारण २८० दिवसांचा असतो. युरोपीय संघाच्या जनावर-वाहतूक नियमांत गर्भकाळाचे ९० टक्के वा अधिक दिवस भरलेली, तसेच व्यायल्याला आठवडाही न झालेली गाय प्रवासास अयोग्य ठरते. म्हणजे साधारण अडीचशेव्या दिवसानंतर गाय गाडीत चढवायची नाही. माझ्या मते शेवटचे दोन महिने तिला गोठ्यातच राहू द्यावे. दुसरा हिशेब माजाचा. गाभण नसलेल्या गाईचा माज साधारण दर २१ दिवसांनी येतो, दोन-तीन दिवस इकडे-तिकडे होतात. शेवटच्या माजाची तारीख धरून पुढे मोजावे. प्रदर्शनाचा दिवस त्यात सापडत असेल तर त्या गाईचा नाद सोडावा. माजावर आलेली गाय हंबरते, शेजारच्या जनावरांवर उडते, दूध चोरते म्हणजे पूर्ण धार देत नाही, आणि रिंगणात तिला धरून उभे राहणे हीच एक कसरत होऊन बसते.

एकाऐवजी दोन गाई तयार कराव्यात. दुसरी कधी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही.

३. लस लवकर, दाखला उशिरा

या टप्प्यावर लोक नेमके उलटे करतात. आरोग्य दाखला घाईने आधी घेऊन ठेवतात, मग प्रदर्शनाच्या दिवशी त्याची मुदत संपलेली असते, आणि लस मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात टोचतात. लसीचे संरक्षण टोचल्याबरोबर मिळत नाही, ते तयार व्हायला दोन ते तीन आठवडे जातात. शिवाय लस दिल्यावर एक-दोन दिवस अंग तापणे, खाणे कमी होणे आणि दूध उतरणे हे काही गाईंत होतेच. म्हणून लाळ्या-खुरकूत आणि पशुवैद्य सांगतील त्या इतर लसी निदान महिनाभर आधी पूर्ण कराव्यात आणि दाखला शेवटच्या मुदतीत बसेल असा घ्यावा.

गोचीड आणि जंतांचा बंदोबस्तही लसीच्या आगेमागेच पशुवैद्याच्या सल्ल्याने उरकावा.

सावधान: शेवटच्या दिवसांत औषध द्यावे लागले, तर त्याचा दुधातून उतरण्याचा काळ किती आहे ते विचारून नोंदवून ठेवावे. दुधाची चाचणी असलेल्या स्पर्धेत ही नोंद नसल्याने अपात्र ठरण्याची वेळ येते.

४. मोरकी आणि चाल (दोन ते अडीच महिने, रोज)

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यायचा आहे आणि सगळ्यात कमी वेळ याच टप्प्याला दिला जातो. पाचशे किलोची गाय ओढून चालत नसते. तिला चालायचे असेल तरच ती चालते, त्यामुळे ओढाओढीत आपण जिंकू अशी समजूत पहिल्या दिवशीच सोडून द्यावी.

पहिल्या आठवड्यात फक्त मोरकी घालून गाईला पंधरा-वीस मिनिटे मजबूत खुंट्याला बांधावे आणि आपण जवळ थांबावे. मोरकीचा नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या खाली आणि नाकपुड्यांच्या बराच वर, हाडावर बसला पाहिजे. तो खाली मऊ भागावर सरकला तर श्वास कोंडतो, गाय मान झटकते आणि मोरकी म्हणजे त्रास हे तिच्या डोक्यात कायमचे बसते. वेसणीवर चालवण्याची सवय असली तरी रिंगणासाठी मोरकीचीच सवय लावावी. वेसणीला हिसका बसताच गाय नाक वर करून पाठ खाली सोडते आणि सरळ पाठीची गायही मधोमध दबलेली दिसते.

दुसऱ्या आठवड्यापासून चालवणे सुरू करावे. गाईच्या डाव्या बाजूस, तिच्या डोक्याशेजारी उभे राहून दोर पुढच्या दिशेने हलका ताणावा आणि ती ढळेपर्यंत तसाच धरावा. तिने एक पाऊल टाकले की त्याच क्षणी दोर सैल सोडावा. गाय शिकते ती ताणाने नव्हे, ढिलीने. पाऊल टाकल्यावरही दोर ताणलेलाच राहिला, तर पाऊल टाकण्याचा तिला काय फायदा? पहिल्या दिवशी चार पावले पडली तरी पुरे. पाण्याकडे किंवा गव्हाणीकडे नेताना हा सराव केल्यास पावले आपोआप मिळतात.

महिन्याभराने गाय सैल दोरावर चालू लागली की थांबून उभे राहण्याचा सराव घ्यावा. चारही पाय अंगाखाली नीट, मागचे दोन पाय एका रेषेत न ठेवता एक किंचित पुढे आणि एक किंचित मागे, मान वर, अशी ती दोन-तीन मिनिटे स्थिर उभी राहिली पाहिजे. पाय मागे घ्यायचा असेल तर दोराने डोके हलकेच मागे लोटून खांद्यावर बोटांनी दाबावे. लाथ किंवा काठी वापरू नये, कारण रिंगणात ती वापरता येत नाही आणि काठीखेरीज न हलणारी गाय तिथे जागची हलत नाही.

या सरावाच्या शेवटच्या भागात परक्या गोष्टी ओळखीच्या करायच्या. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त पाठीमागचा थोडा भाग दिसत नाही, आणि परीक्षक नेमका कास पाहायला तिथेच जाऊन उभा राहतो. म्हणून शेजारच्या दोन-चार जणांना बोलावून त्यांनी खांद्याच्या बाजूने जवळ येणे, पाठीवर हात फिरवणे, मागे जाऊन वाकणे, कासेला हात लावणे हे सारे आठवड्यातून दोन-तीनदा करवून घ्यावे. धार काढणाऱ्या घरच्या माणसाचा हात तिला चालतो, यावरून परक्याचा चालेल असे धरू नये. गोठ्यात ध्वनिवर्धक लावून टाळ्या आणि घोषणा ऐकवाव्यात, आवाज आधी हळू ठेवून रोज थोडा वाढवावा. जमिनीवर ताडपत्री आणि भुसा टाकून त्यावरून चालवावे. मी स्वतः छत्री उघडझाप करून दाखवण्यापर्यंत जातो, लोक हसतात, पण रिंगणाच्या कडेला पावसात एकदम उघडलेल्या छत्र्यांनी उधळलेल्या गाई मी पाहिल्या आहेत.

तपासून पाहा: घरातील दुसऱ्या माणसाच्या हाती दोर देऊन गाय तशीच चालते का? आपण आजारी पडलो तर रिंगणात तीच व्यक्ती असणार आहे.

५. खूर साळणे

वाढलेले खूर पायाची ठेवणच बदलतात, म्हणून साळणे, म्हणजे वाढलेला भाग कापून काढणे, आवश्यकच असते, मात्र ते प्रदर्शनाच्या किमान महिनाभर आधी झाले पाहिजे. साळल्यावर खुराचा तळ नाजूक राहतो, वजन नव्या जागी पडते आणि काही दिवस गाय जपून पाऊल टाकते. मी पहिल्या वर्षी हे काम पाच दिवस आधी केले. वाळूच्या रिंगणात गाय बरी चालली, पण प्रवेशद्वारापासून रिंगणापर्यंतच्या खडीवर तिने उजवा मागचा पाय उचलून धरला आणि परीक्षक तिथेच उभा होता.

६. चारा आणि पाणी

खुराक वाढवून महिन्यात अंग भरता येते, ही समजूत पोट बिघडवते. आंबोण (पेंड-भुशाचा खुराक) एकदम वाढवले की कोठीपोटात, म्हणजे गाईच्या सर्वांत मोठ्या पोटात, आम्ल वाढते, शेण पातळ होते, रवंथ कमी होते आणि गाय खाणेच सोडते. कोणताही बदल दहा-बारा दिवसांत थोडा-थोडा करावा आणि शेवटच्या दोन आठवड्यांत काहीच बदलू नये. रिंगणात पोट भरलेले दिसते ते वाळलेल्या वैरणीमुळे, पेंडीमुळे नव्हे. प्रदर्शनाचे सर्व दिवस अधिक एक दिवस पुरेल इतकी घरचीच वैरण आणि घरचेच आंबोण सोबत न्यावे, मैदानावर मिळणाऱ्या चाऱ्यावर विसंबू नये.

पाण्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. दुभती गाय दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी पिते, उन्हात त्याहूनही जास्त, आणि मैदानावरच्या पाण्याला बहुधा निर्जंतुकीकरणाचा वास असतो. एका वर्षी माझ्या कालवडीने सव्वा दिवस पाण्याला तोंड लावले नाही. बादली समोर आली की ती नाक बुडवायची, वरचा ओठ उचलायची आणि मान बाजूला वळवायची, ओठावरून थेंब परत बादलीत पडायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डावी कूस आत गेली होती. परीक्षकाने लावलेल्या क्रमाची कारणे सांगताना तिच्या पाठीचे कौतुक केले आणि पोटाला भरणा नाही म्हणून तिला चौथ्या जागी उभे केले. तेव्हापासून मी तीन आठवडे आधी घरच्या पाण्यात रोज मूठभर काकवी मिसळतो. मैदानावरच्या पाण्यातही तीच काकवी पडली की दोन्ही पाण्यांची चव गाईला सारखीच लागते.

सावधान: काकवी मोजून आणि रोज तेवढीच घालावी. जास्त झाली तर शेण पातळ होते.

७. प्रवास

निघण्याच्या आठवड्यात दोन-तीनदा गाईला उभ्या गाडीत चढवून, आत वैरण घालून, खाली उतरवावे. गाडीच्या तळाला वाळू किंवा पेंढ्याचा जाड थर हवा, नुसत्या पत्र्यावर पाय घसरतात आणि एकदा घसरलेली गाय परतीच्या वेळी चढत नाही. ५५० किलोच्या गाईला युरोपीय नियमांत १.३० ते १.६० चौरस मीटर जागा धरलेली आहे. त्याहून फार मोकळी जागाही बरी नव्हे, कारण वळणावर तिला टेकायला काही राहत नाही.

उन्हाची वेळ टाळून प्रवास करावा, लांबचा पल्ला असल्यास मध्ये थांबून पाणी दाखवावे, आणि परीक्षणाच्या निदान एक पूर्ण दिवस आधी मैदानावर पोहोचावे. पोहोचल्यावर पहिले काम पाणी, दुसरे वैरण, तिसरे विश्रांती. धुणे-पुसणे उद्या.

८. मैदानावरचा मुक्काम

गाईला टोक ओढताच सुटेल अशा गाठीने बांधावे. आग लागली किंवा गाय पडून दोर आवळला, तर कोयता शोधायला वेळ नसतो. बादली, घमेले, खरारा, ब्रश आपले आपण वापरावे, कोणाला देऊ नयेत आणि कोणाचे घेऊ नयेत. सामाईक हौदावर पाणी पाजू नये. रोग याच वाटेने घरी येतात.

गाय दिवसातले निम्म्याच्या आसपास तास बसून काढते. प्रेक्षकांना दाखवण्यासाठी तिला सारखी उठवली, तर पाय सुजतात आणि रवंथ थांबते. कोणी तरी एक जण सतत तिच्यापाशी हवा. प्रेक्षकांनी प्रेमाने पुढे केलेले काहीही तिला खाऊ घालू देऊ नये, हे नम्रपणे पण प्रत्येक वेळी सांगावे लागते. हा मुक्कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे.

९. अंग, केस आणि कास

केस कातरायचे असतील तर अंगावरचे आठ-दहा दिवस आधी कातरावेत, म्हणजे यंत्राच्या रेघा भरून येतात. कान, चेहरा आणि कासेवरचे बारीक केस आदल्या दिवशी साफ करावेत. आदल्या संध्याकाळी सौम्य साबणाने धुऊन साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घालावे, कानात पाणी जाऊ देऊ नये, शेपटीचा गोंडा विंचरून मोकळा करावा. सकाळी फक्त डागाळलेला भाग धुवावा. अंगाला तेल चोपडू नये. अर्ध्या तासात त्यावर मैदानाची धूळ बसते आणि गाय धुतलीच नव्हती असे वाटते.

कासेचे गणित घरी सोडवून यायचे असते. महिनाभर आधी, धार काढल्यानंतर किती तासांनी कास भरलेली पण मऊ दिसते, हे दोन-तीनदा पाहून नोंदवावे. कोणाची कास आठ तासांनी चांगली दिसते, कोणाची अकरा. परीक्षणाच्या वेळेपासून तेवढे तास मागे मोजून आदली धार काढावी. भरलेली कास दाखवण्याच्या हव्यासात धार लांबवली, तर कास टणक होते, सड बाहेरच्या बाजूला फाकतात, मागच्या बाजूची मधली खाच पुसली जाते, आणि गाय पाय फाकवून चालते. अनुभवी परीक्षकाला हे पहिल्या नजरेत कळते आणि गुण वाढण्याऐवजी जातात. गाईला दुखते, कासदाहाचा धोका वाढतो, हे तर वेगळेच.

सावधान: परीक्षणाची वेळ पुढे ढकलली गेली आणि कास टणक लागू लागली, तर धार काढून मोकळे व्हावे. एका बक्षिसापायी कासेचा एक कप्पा कायमचा गमावणारे लोक मी पाहिले आहेत.

१०. रिंगणात

गटाचा पुकारा होण्याच्या पंधरा मिनिटे आधी गाईला बाहेर काढून थोडे फिरवावे, म्हणजे ती शेण-मूत्र बाहेरच उरकते. पुढच्या गाईपासून एका गाईएवढे अंतर राखावे. चाल संथ हवी. डोळा एक गाईवर आणि एक परीक्षकावर असावा, प्रेक्षकांतल्या ओळखीच्या माणसांकडे पाहू नये, कारण आपले लक्ष सुटते त्याच क्षणी गाय पाय हलवते.

परीक्षकाशी आपणहून बोलू नये. त्याने विचारल्यास जन्मतारीख, वेत (कितव्यांदा व्यायली), व्यायल्याची तारीख, गाभण असल्यास किती दिवसांची आणि वळू कोणता, ही पाच उत्तरे न अडखळता देता आली पाहिजेत. दुधाचे आकडे विचारल्याशिवाय सांगू नयेत.

गाय सुटलीच तर तिच्यामागे धावू नये. सर्वांनी जागच्या जागी थांबावे, ती बहुधा दुसऱ्या गाईंजवळ जाऊन उभी राहते, मग खांद्याच्या बाजूने सावकाश जाऊन दोर धरावा. क्रम लागल्यानंतरही, परीक्षक कारणे सांगून होईपर्यंत गाय नीट उभी ठेवावी आणि आपल्या गाईविषयीचे शब्द त्याच दिवशी वहीत लिहावेत. पुढच्या वर्षीच्या निवडीला ते उपयोगी पडतात.

११. परतल्यावर

बक्षीस घेऊन आलेली गाय त्याच संध्याकाळी दावणीला बांधणे, ही सगळ्या चुकांतली सर्वांत महाग चूक. लाळ्या-खुरकुताची लक्षणे दिसायला संसर्गानंतर दोन ते चौदा दिवस लागतात, तोवर गाय धडधाकट दिसते. तिला २१ दिवस वेगळ्या जागी बांधावे, तिचे चारा-पाणी आणि धार सगळ्यांत शेवटी करावी, तिथली बादली आणि पायताण गोठ्यात आणू नये. मोरकी, दोर, ब्रश आणि गाडीचा तळ धुऊन निर्जंतुक करावा. रोज सकाळी ताप पाहावा. मोठ्या गाईचे तापमान ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. त्यावर गेले, लाळ गळू लागली किंवा पाय झटकू लागली, तर लगेच पशुवैद्याला बोलवावे.

बाविसाव्या दिवशी तिला परत आणताना सकाळच्या धारेनंतरची, सगळ्या गव्हाणी भरलेल्या असतानाची वेळ निवडावी. तीन आठवड्यांत बाकीच्या गाईंनी आपापसातला मान ठरवून घेतलेला असतो आणि तिची जागा दुसरीने घेतलेली असते. तिचा जुना खुंटा आधी मोकळा करून ठेवावा आणि पहिला तासभर तिथेच थांबावे.